वाटीतले दात

माझ्या तोंडात जी कवळी आहे ती माझ्या लेकीनं केलेली आहे, आणि तिचा डावीकडचा सुळा मुद्दाम वाकडा बसवलेला आहे. माझा मूळचा सुळा तसाच होता. "सगळे सरळ लावले तर बाबा, तुम्ही थाप मारताय हे तोंडावरून कळायचंच नाही," लेक म्हणाली होती. दातांच्या दवाखान्यामागच्या कामाच्या खोलीत ती बसते. पुढे लोक खुर्चीत आ करून बसलेले असतात आणि मागे ही छोट्या ज्योतीवर चाकू तापवून, गुलाबी मेणातून परक्यांच्या हिरड्या कोरत असते. सतरा वर्षं झाली. आमच्या भागातली अर्धी म्हातारी माणसं तिच्या हातचं हसतात, असं मी सगळीकडे सांगत असतो. हे मात्र जवळजवळ खरं आहे.

मी स्वतः लिफ्टचा मेकॅनिक. चाळीस वर्षं दोर, पुल्या आणि ब्रेक यांच्यात काढली. लिफ्टच्या डोक्यावर बसून काळोख्या विहिरीत वरखाली करणाऱ्या माणसाला थापा सुचल्या नाहीत तरच नवल. माझ्या हाताखालून गेलेली एक लिफ्ट इतकी सावकाश होती की तळमजल्यावर आत शिरलेला पोरगा नवव्या मजल्यावर मिशा घेऊन बाहेर पडला. दुसरी एक कंटाळून आडवी गेली ती थेट समोरच्या इमारतीत, कुणाच्या तरी न्हाणीघरात. पण सगळ्यात गाजलेली म्हणजे अकरा मजली इमारतीतली. ती एके दिवशी बाराव्या मजल्यावर गेली. दार उघडतो तर समोर एक म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी. म्हणते, "आलास का एकदाचा? पेपर आणलास?"

ते म्हातारीचं वाक्य मी कधीच म्हणत नसे. लेक लहान होती तेव्हा ते तिच्या वाटणीचं होतं. मी 'दार उघडलं' म्हणायचा अवकाश, ही कमरेवर हात ठेवून अंथरुणात उभी.

तर कवळी. ती तोंडात बसवून झाल्यावर लेकीनं घरात एक कायदा केला. तेव्हा नात तीन वर्षांची होती आणि माझ्या गोष्टी ऐकून शेजारणीला विचारायला लागली होती की तुमच्या लिफ्टला भूक लागते का. लेक म्हणाली, "आता ठरलं. आबांचे दात तोंडात असले की गोष्ट. दात वाटीत असले की खरं." आणि कवळीसाठी मला एक पांढरी वाटी दिली, निळ्या काठाची.

हा कायदा मी चार वर्षं पाळला. आयुष्यात एवढा एकच पाळला असेन. नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती चालत कधी नसेच, गिरकी घेतच खोलीत यायची, ती गोष्ट संपली की हात पुढे करायची. "आबा, आता दात काढून सांग." मग मी कवळी वाटीत ठेवायचो आणि बोळक्या तोंडानं कबुली द्यायचो. "नाही गेली बाराव्या मजल्यावर. अकराच मजले होते. वर पाण्याची टाकी होती." ती मान डोलवायची. तिला दोन्ही हवं असायचं, आधी थाप आणि मग खरं, जसं काही मुलांना आधी दूध लागतं आणि मग पाणी.

लेकीचं दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. दोराचा एकेक धागा तुटतो तेव्हा लिफ्ट चालतच असते. मी तर असा दोर हाताच्या स्पर्शानं ओळखायचो, आणि घरात माझ्या नाकासमोर धागे तुटत होते ते मला दिसले नाहीत. आधी तिनं एका बाईच्या कवळीत पुढचे दात सहाऐवजी आठ लावले. कार्यशाळेत सगळे हसले, तीही हसली. मग एका सकाळी ती हातात तापलेला चाकू धरून बसून राहिली. समोरचं मेण वितळून टेबलावरून खाली ठिबकत होतं तरी ही बसलेलीच. तिच्या सोबतच्या बाईनं दिवा विझवला आणि तिला रिक्षात घालून घरी आणून सोडलं. तेव्हापासून आठ महिने ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून आहे. झोपून म्हणजे आडवी. झोप तिला येत नाही, आणि जाग आहे असंही म्हणवत नाही.

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, वेळ लागेल. किती, ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं. लिफ्ट बंद पडली की लोक मलाही हेच विचारायचे आणि मी बेधडक म्हणायचो, अर्ध्या तासात. बाई माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाल्या.

जावई दुधाचा थंड टँकर चालवतो. आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर, दोन दिवस घरी, आणि त्या दोन दिवसांत भांडी, कपडे, डॉक्टर, शाळा. माणूस सोन्यासारखा आहे. त्यानंच ती पाटी आणली. पाटी म्हणजे हल्लीची, काचेची, बोटानं चालणारी. कारण साधं होतं. लेकीला आवाज सहन होईना. चमचा पडला तरी ती दचकायची आणि मग तासभर रडायची, तेही आवाज न करता. आणि सात वर्षांच्या पोरीला घरात बिनआवाजाचं कसं ठेवायचं? पाटी दिली की पोर गप्प. कानात ते आवाज ऐकायचे दोन बोळे आणि डोळे काचेत. पहिल्या दिवशी अर्धा तास. मग जेवताना. मग माझा डोळा लागावा म्हणून दुपारी. मग कशासाठी द्यायची हे विचारायचंही आम्ही सोडून दिलं.

माझ्या गोष्टींचं काय झालं म्हणता? माझी लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या पाटीवर सतरा मांजरं नाचून जात. "आबा, पटकन सांग ना," भिंगरी म्हणायची, डोळे वर न करता. पटकन सांगितलेली थाप म्हणजे नुसतं खोटं. मी गप्प बसायला लागलो.

ती काय बघते ते मी एकदा मागून पाहिलं. एक हसऱ्या तोंडाची बाई होती. बाहुल्यांना उठवायची, अंघोळ घालायची, वेणी घालायची, आणि मधूनच समोर बघून विचारायची, "उठलीस का गं माझी राणी? आज आपण काय करायचं?" आणि थोडं थांबायची. त्या थांबण्यात भिंगरी उत्तर द्यायची. हळूच, ओठातल्या ओठात. "आज चित्र काढू." मी चोरासारखा मागच्या मागे सरकलो. पलीकडच्या खोलीत हिची खरी आई होती, मध्ये एक पातळ भिंत.

आता माझ्या गाढवपणाकडे येतो.

त्या दुपारी माझी हिरडी सुजली होती म्हणून मी कवळी काढून ठेवली होती. भिंगरी खुर्चीत पाय वर घेऊन पाटीत. मी टेबलाशी दुधात ब्रेड बुडवून चघळत होतो. आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

लेक उभी होती. दाराच्या चौकटीला धरून, केस एका बाजूला चिकटलेले, गाऊनचं बटण चुकीच्या काजात. बारा दिवसांत ती स्वतःहून खोलीच्या बाहेर आली नव्हती. मी चमचाही हलवला नाही. पाखरू खिडकीत बसलं की माणूस जसा श्वास धरतो तसा बसलो.

"भिंगरे," ती म्हणाली.

भिंगरीच्या कानात बोळे होते. ती काचेतल्या बाईशी बोलत होती.

"भिंगरे," लेक पुन्हा म्हणाली. आवाज आधीपेक्षा बारीक. मी उठून पोरीचा खांदा हलवायला हवा होता. ते दोन पावलांचं काम होतं. मला वाटलं, तिसऱ्यांदा हाक मारेल. लेक थोडा वेळ पोरीकडे बघत राहिली, तिच्या हसऱ्या तोंडाकडे. मग वळली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मला असा संताप आला की काय सांगू. स्वतःचाच यायला हवा होता, पण माणूस स्वतःवरचा राग नेहमी हाताशी असलेल्या वस्तूवर काढतो. मी पोरीच्या कानातले बोळे ओढले.

"ही पाटी कशावर चालते, माहीत आहे?"

"चार्जिंगवर."

"ते लोकांना सांगायला. ही चालते आईवर. घरात जी आई असेल तिच्यातली शक्ती ही थेंब थेंब ओढून घेते. तू जितका वेळ बघशील तितकी आई रिकामी होते. म्हणून तर ती उठत नाही. आत्ता दारापर्यंत आली होती, परत गेली. तुला दिसली का?"

थाप म्हणून बघाल तर चांगली होती. घडण पक्की, शेवटाला धार. मी हजार थापा मारल्या त्यातली ही एक, आणि तिच्यानंतर नेहमीचा हात पुढे येईल, दात काढून सांग, मग मी खरं काय ते सांगेन, असा माझ्या मनाचा सवयीचा हिशोब होता. पण हात पुढे आला नाही. भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं टेबलावरच्या वाटीकडे बघितलं. निळ्या काठाच्या वाटीत, पाण्याखाली, माझे दात शांत बसले होते.

तिनं पाटी बंद केली, काच खाली करून कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली आणि कपाटाला टेकून बसली.

आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, जिंकलो. तिनं वाटीकडे बघितलं ते मी पाहिलं होतं, पण बघण्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. संध्याकाळी जावयाला फोन लावून सांगितलं, "जावईबापू, म्हातारा अजून कामाचा आहे. पाटी कपाटात गेली."

"काय सांगता? कसं जमवलंत?"

"आमच्या धंद्यातली गुपितं असतात."

तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण हसताना त्याला खोकला आला.

चार दिवस पाटी कपाटातच होती. भिंगरी शाळेतून यायची, चित्र काढायची, माझ्याशी पत्ते खेळायची. मी अगदी फुलून गेलो होतो. पाचव्या दिवशी, सुट्टीची सकाळ, अकरा वाजले असतील, लेकीला गोळी द्यायला आत गेलो. ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून, एक हात पाठीमागे पलंगावर सोडलेला. त्या हाताशी भिंगरी जमिनीवर गुडघ्यांवर बसली होती. पाटीचा चार्जर भिंतीतल्या प्लगला लावलेला, आणि तारेचं दुसरं टोक तिनं आईच्या तळव्यात ठेवून बोटं एकेक करून वर मिटवलेली. सुटू नयेत म्हणून स्वतःच्या दोन्ही हातांनी ती मूठ धरून बसली होती.

तारेत म्हणाल तर मुंगीलाही गुदगुल्या होणार नाहीत एवढीच वीज. मेकॅनिकच्या डोक्यात आधी तेच आलं. बाकीचं मागून आलं.

"काय करतेस गं?" मी कुजबुजलो.

"परत भरतेय."

"काय?"

"मी प्यायले ते." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाटी एका रात्रीत भरते. आई मोठी आहे, तिला जास्त दिवस लागतील. आणि मी आठ महिने बघितलं, म्हणून आणखी जास्त."

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. खाली बसलो आणि म्हणालो, "बाळा, ती थाप होती. आबाची गोष्ट. लिफ्टसारखी."

"नाही. तेव्हा दात वाटीत होते."

"हिरडी दुखत होती म्हणून काढले होते. मी विसरलो होतो."

"दात वाटीत असले की खरं."

मी कवळी काढली, वाटीत टाकली, पाणी टेबलावर सांडलं. बोळक्या तोंडानं, शक्य तितकं स्पष्ट म्हणालो, "हे बघ, आता दात वाटीत आहेत. ती थाप होती. आई तुझ्यामुळे आजारी नाही. पाटीमुळेही नाही. आई आजारी पडली म्हणून आम्ही तुला पाटी दिली. आधी आजार, मग पाटी. दिली आम्ही, तू मागितली नव्हतीस."

भिंगरीनं बराच विचार केला. पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली नसती तर बरं झालं असतं.

"म्हणजे दात वाटीत असतानाही तू खोटं बोलतोस."

"एकदाच बोललो."

"मग आत्ताचं कशावरून खरं?"

चाळीस वर्षांत मी किती जणांना दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं याची गणती नाही. वरून हात द्यायचा किंवा खालून शिडी लावायची. त्या दिवशी मी स्वतः मध्ये अडकलो आणि वरही भिंत, खालीही भिंत. आधीचं खरं धरलं तर पोरगी आईला प्यायली. आत्ताचं खरं धरलं तर वाटीला काही अर्थ उरत नाही, आणि मग हेही खरं कशावरून. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. मग उठून परत आईच्या हाताशी जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "घरात आईवडील असे आजारी असले की मुलं बहुतेकदा स्वतःलाच दोष देतात. तुम्ही काही सांगितलं नसतं तरी तिनं दुसरं काहीतरी शोधलं असतं. तिला खरं सांगत राहा. रोज सांगा."

"बाई, माझ्या खऱ्याला आता त्या घरात कुत्रं विचारत नाही."

"मग दुसऱ्या कुणाकडून सांगवा."

जावयाकडून सांगवलं. तो दोन दिवस घरी होता, तिला मांडीवर घेऊन जमेल तसं बोलला. भिंगरी ऐकून म्हणाली, "पप्पा, तू गाडीवर असतोस. तुला काय माहीत?" तो माझ्याकडे बघायला लागला. त्यानं एक शब्द बोलून मला दोष दिला असता तर मी त्याचे पाय धरले असते. तो उठला आणि भांडी घासायला गेला, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिला.

उरली लेक. तिला सांगायची माझी हिंमत होईना. जी स्वतःच्या वजनाखाली उठत नाही, तिच्यावर आणखी हे ओझं ठेवायचं? पण मी सांगायच्या आधीच तिला माहीत होतं. मूठ तिची होती, पातळ भिंतीपलीकडे कानही तिचेच होते.

"बाबा," ती म्हणाली. भिंगरी शाळेत होती. मी सुपाची वाटी घेऊन बसलो होतो. "तिला अडवू नका."

"अगं पण तिला वाटतंय की..."

"माहीत आहे." "त्या तारेच्या निमित्तानं तरी ती या खोलीत येते. आठ महिन्यांत माझा हात कुणी एवढा वेळ धरला नव्हता."

"मग तूच सांग ना तिला. तू सांगितलंस की पटेल. एक वाक्य. तू काही केलं नाहीस, एवढंच."

"रोज ठरवते," लेक म्हणाली. "ती हात धरते तेव्हा वाक्य तयार असतं. तोंडापर्यंत येतं आणि मग इतकं जड होतं, बाबा. तिचं तोंड डोळ्यांपुढे येतं आणि वाटतं, हिच्या हातात तार आहे ती माझ्यामुळेच. मग सगळं परत खाली जातं." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. "सूप नको."

मी सूप घेऊन बाहेर आलो. त्याखेरीज मला काय येत होतं?

मग भिंगरीनं टक्के विचारायला सुरुवात केली. शाळेत जाण्याआधी, दप्तर पाठीवर अडकवून, ती आईच्या कानाशी वाकायची. "आई, किती झाले?"

पहिल्या दिवशी लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन."

दोन. भिंगरी बाहेर आली ती गिरकी घेऊन. महिनोन्‌महिने बंद पडलेली ती गिरकी बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी दाराआडून लेकीला खुणा करत होतो, दहा म्हण, वीस म्हण, पंचवीस म्हण, काय बिघडतं. पण माझी लेक माझ्यावर गेलेली नाही. आठ महिने मेणाला हात न लावलेली ती बाई अजूनही सुळा होता तसाच वाकडा बसवणार. पुढच्या दिवशीही दोन. मग तीन. मग चार दिवस तीन. मग एका सकाळी तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "एक."

भिंगरीनं दप्तर काढून ठेवलं. "मी शाळेत जाणार नाही. मी गेले की तार सुटते."

"मी धरतो की," मी म्हणालो.

"तू नको." ती शांतपणे म्हणाली. "तू धरल्यावर खरं होत नाही."

असं कुणी मला कधी बोललं नव्हतं, आणि बायको होती तेव्हा तिनं तर मला काय काय बोलून घेतलं होतं. शाळेतून फोन आला. मी सांगितलं, ताप आहे. दुसऱ्या दिवशीही ताप, तिसऱ्या दिवशीही. जावई रस्त्यावर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघींना घेऊन या. मी म्हणालो, एक उठत नाही आणि दुसरी तिचा हात सोडत नाही, कशी आणू? त्या म्हणाल्या, मग गुरुवारी मीच येते. तो दिवस सोमवार होता.

मंगळवारी दुपारी मी आतल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलो होतो. पलंगावर लेक भिंतीकडे तोंड करून. जमिनीवर भिंगरी, दोन्ही हातांत आईची मूठ, मुठीतून निघालेली पांढरी तार प्लगपर्यंत. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पाटी कपाटात कपड्यांमागे. घरात एवढी शांतता की आठ महिन्यांपूर्वी आम्हाला जी हवी होती ती पुरेपूर मिळाली होती.

"आबा," भिंगरी म्हणाली. "वाटी आण."

मी आणली.

"दात काढ."

"आता त्याचा काय उपयोग? तूच म्हणालीस..."

"तरी काढ."

मी कवळी काढली. वाटीत ठेवण्याआधी ती हातात उलटी झाली आणि आतल्या बाजूला, टाळूला लागते तिथं, कोरलेली अक्षरं दिसली. कार्यशाळेत कुणाची कवळी कुणाला जाऊ नये म्हणून आत नाव कोरतात. बाकीच्यांना आडनावं असतात. माझ्यात लेकीनं 'बाबा' कोरलं आहे.

"आता सांग," भिंगरी म्हणाली. "आई शंभर होईल का?"

बोळकं तोंड घेऊन मी उभा होतो. होईल म्हणावं, तर ते मला माहीत नव्हतं, आणि वाटीत दात असताना दुसऱ्यांदा थाप मारली असती तर तिच्याजवळ पकडायला काही म्हणजे काही उरलं नसतं. नाही म्हणावं, तर तेही मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मी पुढे बोललो, "डॉक्टरांनाही माहीत नाही. तिलाही माहीत नाही. तू मात्र काही प्यायलेली नाहीस. ते तुला पटत नसलं तरी मी रोज सांगणार."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. आईच्या मुठीवरची तिची पकड सैल झाली नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी पीं पीं करत होती, आणि लेकीचा खांदा प्रत्येक वेळी किंचित आकसत होता.

"मग दात घाल," भिंगरी म्हणाली, "आणि सांग."

"काय सांगू?"

"होईल का ते."

मी कवळी धुतली, तोंडात बसवली. ती बसताना टक् असा आवाज येतो. स्टूल पलंगाजवळ ओढला. आणि सांगतो तुम्हाला, मला काही सुचेना. इतक्या वर्षांची थापांची खाण, आत हात घातला तर नुसती माती. शेवटी जे जुनं होतं तेच काढलं.

"एक अकरा मजली इमारत होती. तिथली लिफ्ट बंद पडली होती. बरेच दिवस. लोक म्हणायचे, ही काही आता वर जात नाही. मी गेलो, डब्यात बसलो, बटण दाबलं. पहिला मजला. दुसरा. मग खाली, पहिला. मग पुन्हा दुसरा. तिसरा." भिंगरी ऐकत होती. डोळे माझ्या वाकड्या सुळ्यावर. "असं करत करत अकरावा आला. आणि लिफ्ट थांबेना. वर गेली. आणि मग... मग मी दार उघडलं."

आणि तिथं मी अडलो. पुढचं वाक्य मला येत नव्हतं असं नाही. पण ते म्हणायची मला सवय नव्हती, ते कधीच माझं नव्हतं.

"पेपर आणलास?"

भिंतीकडे तोंड करूनच. कोरड्या, न वापरलेल्या आवाजात. कमरेवर हात नाही, काही नाही.

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं, मग आईच्या पाठीकडे. मी मान पुढे करून बसलो होतो. आम्ही दोघं थांबलो. आता ती वळेल, किंवा आणखी काही बोलेल, किंवा ते एक वाक्य, रोज ठरवते ते, म्हणेल. गाडीचं पीं पीं थांबलं होतं. लेकीची पाठ श्वासाबरोबर वर झाली, खाली झाली.

थोड्या वेळानं भिंगरीचा हात अवघडला. तिनं अगदी अलगद, बोटं सुटू न देता, आईची मूठ उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.